मळ्यातली मोटार आणि सव्वीस कुत्री

पत्रिकेत माझा विषय 'युद्धाचा माहितीपट रेखाचित्रांतून का करावा?' असा छापला आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. परंतु आमच्या गावच्या आबांची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही, हे जळगावच्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक आहेच.

आबा १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी यावलकडे केळी लावली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला फटाका वाजण्याआधी ते मळ्यात जात, विहिरीवरची मोटार सुरू करीत आणि त्या खोलीचे दार आतून लावून घेत. नातवंडांना फटाके घेऊन द्यावे लागू नयेत म्हणून म्हातारा पळतो, अशी आम्हा पोरांची ठाम समजूत होती. एकदा फराळाचा डबा घेऊन मीच गेलो. आबा भिंतीला पाठ टेकून बसलेले, हातात विझलेली विडी, आणि बाहेर वाफे फुटून पाणी बांधापर्यंत आलेले. (ठिबक येण्याआधीचा काळ तो, केळीला असे पाणी सोडल्याचे या सभागृहात सांगणे हा गुन्हाच आहे.) कारण विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, ''मोटार चालू शे ना भो, काहीच ऐकू येस नही.'' ज्या दिवाळीत वीज गेली, त्या रात्रीविषयी मी बोलणार नाही.

आरी फोल्मन या इस्रायली दिग्दर्शकाचा २००८ सालचा 'वॉल्ट्झ विथ बशीर' हा रेखाचित्रांतून केलेला युद्धाचा माहितीपट पाहताना मला ही मोटार ऐकू आली. आरंभीच सव्वीस कुत्री रस्त्यावरून पिसाळल्यासारखी धावत येतात. ते एका मित्राचे स्वप्न आहे. १९८२ च्या लेबनॉन युद्धात त्याच्याने माणसांवर गोळी झाडवत नसे. म्हणून सैनिकांची चाहूल लागताच भुंकणारी गावोगावची कुत्री मारण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि वीस वर्षांनंतरही त्याला सव्वीसच्या सव्वीस आठवतात. स्वतः फोल्मन यांना मात्र त्या युद्धातले जवळजवळ काहीच आठवत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने सांगतो. फोल्मन यांना एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते: पिवळ्या प्रकाशगोळ्यांच्या उजेडात बैरूतच्या समुद्रातून नग्न तरुण सैनिक बाहेर येत आहेत. त्यात जो सोबती दिसतो, त्याला असे काही घडल्याचे आठवतच नाही. जे कदाचित घडलेच नाही, त्याच्यापुढे कॅमेरा कसा लावणार? ते काढूनच दाखवावे लागते, आणि ते काढलेले आहे हे प्रेक्षकाला क्षणभरही विसरू न देणे हाच त्यातला प्रामाणिकपणा. बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत फलांजिस्ट या लेबनॉनी ख्रिस्ती सशस्त्र टोळ्यांनी कत्तल केली, तेव्हा भोवती वेढा इस्रायली सैन्याचा होता आणि आकाशात प्रकाशगोळेही त्याचेच होते. तिथे पोहोचल्यावर मात्र रेखाचित्रे थांबतात आणि खरी चित्रफीत सुरू होते. काही समीक्षकांना हा शेवट धक्कातंत्र वाटतो. मला वाटत नाही, कारण स्वप्ने सैनिकाची होती, प्रेते त्याच्या स्वप्नातली नव्हती.

आता आरंभीचा तो प्रसंग पडद्यावर पाहू. आवाज जरा कमी ठेवा. पुढच्या रांगेत दोन माजी सैनिक बसले आहेत.