हिरवं दिसतंय, पण कुणाचं?

(दृश्य : ड्रोनमधून दिसणारा लांबच लांब हिरवा उतार)

एके काळी इथे उघडी खाण होती. माल संपला, खड्डा बुजवला, ढिगाऱ्यांचे उतार कमी केले, वर माती पसरून बी पेरलं. आता वरून पाहिलं तर सगळं हिरवंगार. काम फत्ते झालं, असंच कुणालाही वाटेल.

जरा दमानं घ्या. पेरणीच्या वेळी खत दिलेलं असतं आणि त्याच्या जोरावर पहिली एक-दोन वर्षं गवत माजतं. खताचा जोर ओसरला, की कोण तगतं ते दिसायला लागतं.

पहिली पाहणी आकाशातून. १९७२ पासून लँडसॅट उपग्रह जमिनीची चित्रं टिपत आले आहेत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं १० मीटरपर्यंतचा बारकावा दाखवतात. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परावर्तित करतं. या दोन्हींच्या फरकावरून एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक काढतात. जुनी चित्रं ओळीनं लावली, की खाण कधी उघडली, कधी बुजवली, हिरवाई कधी वाढली आणि कधी पुन्हा विरली, सगळा पट उलगडतो. पण पानं कुणाची, ते हा आकडा सांगत नाही. एकाच दांडग्या परक्या गवतानं उतार गिळला, तरी निर्देशांक झकास येतो!

(दृश्य : जमिनीवर ठेवलेली चौकट, शेजारी वही)

म्हणून गुडघे टेकून बघावंच लागतं. ही एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट. आत काय काय आहे? गवताची तीन ठोंबं, शेंगवर्गीय वेलीचा एक फाटा, वाळका पाला, बोटाएवढे दगड आणि कोपऱ्यात उघडी माती. प्रत्येकानं किती जागा व्यापली, ते वहीत उतरतं. चौकट कुठे ठेवायची ते मात्र आधीच, चिठ्ठ्या काढून ठरवलेलं असतं. नाहीतर हात आपसूक हिरव्या जागेकडे वळतो. माणसाचा स्वभावच तो.

शेजारी टेप ताणलेला आहे. ठरावीक अंतरावर बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि टोक कशाला लागलं ते लिहायचं. १०० वेळा सोडली आणि ६२ वेळा जिवंत झाडोऱ्याला लागली, तर आच्छादन ६२ टक्के. इतकं साधं, आणि इतकं कंटाळवाणं.

(दृश्य : उतारावरचा बोडका पट्टा)

खरी माहिती मिळते ती अशा बोडक्या जागी. फोडलेल्या खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल, तर हवा आणि पाणी लागून त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. मातीचा सामू (पीएच) घसरतो, म्हणजे माती आम्लधर्मी होते, ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळं खुरटतात. कुठे कारण निराळंच निघतं : अवजड यंत्रं फिरून माती इतकी दबलेली, की पाणी मुरत नाही आणि मूळ खाली जायचं सोडून आडवं पसरतं. वरून दोन्ही पट्टे सारखेच दिसतात. एकाला चुना हवा, दुसऱ्याला खोल नांगरट. मातीचा नमुना घेतल्याशिवाय कुठला इलाज करायचा ते कळत नाही.

अशा जागी आपणहून आलेलं गवत उपटू नये. ब्रिटनमधल्या जुन्या धातूंच्या खाणींवर वनस्पतींचे अभ्यासक टोनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की काही गवतं विषारी धातू सोसायला शिकलेली असतात. त्याच जातीचं शेजारच्या कुरणातलं बी तिथे टिकत नाही.

(दृश्य : पाल्यातून वर आलेलं दोन पानांचं रोप)

माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा रकाना हा : न लावलेली रोपं. लावलेलं झाड जगलं, ही लावणाऱ्याची मेहनत. त्याच्या बियांतून पुढची पिढी उगवली, तरच जमीन स्वतःच्या पायावर उभी राहायला लागली. काही बी मातीतूनच येतं, ती ताजी असेल तर. ढीग करून वर्षानुवर्षं साठवलेल्या मातीतलं बी मरत जातं. म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा या निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या जंगलातल्या बॉक्साइट खाणींवर वरचा थर काढून शक्यतो थेट नव्या जागी पसरतात, आणि उगवलेल्या जातींची तुलना शेजारच्या न खणलेल्या जंगलाशी करतात.

हे किती वर्षं मोजायचं? कोळसा खाणींसाठी अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यानं किमान ५ वर्षं ठरवली आहेत, आणि वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या भागात १०. ही वर्षं शेवटची जादा पेरणी, खत किंवा पाणी दिल्यापासून धरतात. नेहमीची देखभाल सोडून पुन्हा खत टाकलं, की मोजणी पहिल्यापासून. जमीन पूर्ववत करण्याची हमी म्हणून खाणवाल्यानं ठेवलेली रक्कम तोवर पूर्ण सुटत नाही. बोडका पट्टा कागदावर न येण्यात कुणाचा फायदा आहे, हे यावरून कळतं. त्यामुळे चौकटींच्या जागा ठरवणारा आणि वही भरणारा माणूस त्या रकमेशी संबंध नसलेला हवा.