पगारदार नव्हे, सभासद : एके प्रेसची वाटचाल

नाशिकरोडला कोणी 'प्रेसमध्ये आहे' असे सांगितले, तर तो वर्तमानपत्रात असेल असे कोणालाही वाटत नाही. इथे प्रेस म्हणजे नोटांचा आणि मुद्रांकांचा सरकारी छापखाना. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून चालू आहे आणि तिथल्या नोकरीवर कित्येक घरांचे संसार उभे राहिले आहेत. छापलेल्या मालावर छापणाऱ्याचा हक्क नसतो, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही.

सहकारही आपल्याला नवा नाही. पण साखर कारखान्याचा सभासद असतो ऊस घालणारा शेतकरी. बॉयलरपाशी उभा राहणारा कामगार तिथेही पगारदारच. पुस्तकांच्या व्यवसायातही असेच घडले. शिकागोच्या चार्ल्स केर यांच्या १८८६ सालच्या प्रकाशनसंस्थेने दहा-दहा डॉलरचे भाग वाचकांना विकले आणि १९०६ ते १९०९ या काळात मार्क्सच्या 'भांडवल'चे तिन्ही खंड इंग्रजीत प्रथमच संपूर्ण आणले. १९४५ साली केरळात कोट्टायमच्या लेखकांनी स्वतःची सहकारी प्रकाशनसंस्था काढली. एकीकडे वाचक भागीदार झाला, दुसरीकडे लेखक. पुस्तकांचे गठ्ठे बांधणारा मात्र दोन्हीकडे बाहेरच राहिला.

त्याला आत घेणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणजे एके प्रेस. नाव ऐकताच आपल्याला रायफल आठवते, पण ही आद्याक्षरे संस्थापक रॅम्झी कनान यांच्या आईच्या, अ‍ॅन कनान यांच्या नावाची आहेत. किशोरवयात पंक संगीताच्या कार्यक्रमांत टेबल मांडून राजकीय पत्रके आणि पुस्तिका विकणाऱ्या या मुलाच्या उद्योगातून १९८७ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये ही संस्था उभी राहिली. तिची विचारसरणी अराज्यवादी आहे. मराठीत या शब्दाची 'अराजक' या शब्दाशी सर्रास गल्लत होते. प्रत्यक्षात वरून हुकूम सोडणारा कोणी नसतानाही माणसे शिस्तीने एकत्र काम करू शकतात, असा त्या विचाराचा दावा आहे आणि संस्थेने तो आधी स्वतःच्या कचेरीत लावून पाहिला. हस्तलिखित वाचणारा आणि गोदामात खोकी भरणारा यांना सारखेच वेतन मिळते, आणि कोणते पुस्तक काढायचे हे सगळे मिळून ठरवतात. अशा बैठका लांबतात, हे गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला बसलेल्या कोणालाही पटेल.

१९९४ मध्ये संस्थेची अमेरिकेतील शाखा सुरू झाली आणि पुढे ओकलंड हे तिचे मुख्य ठाणे झाले. केवळ स्वतःच्या राजकीय पुस्तकांवर पोट भरणे कठीण असल्याने इतर लहान प्रकाशकांची पुस्तके वितरित करण्याचे कामही तिने जोडीला ठेवले. शिवाय वाचकांनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची आणि संस्थेचे प्रत्येक नवे पुस्तक त्यांना घरपोच मिळायचे, अशी योजना तिने आखली. आपल्याकडची प्रकाशनपूर्व सवलत एखाद्या ग्रंथापुरती असते. ही तिचीच बारमाही आवृत्ती म्हणता येईल, आणि कागदाचे बिल चुकते करण्यासाठी तिचा आधार फार मोठा.

२००७ च्या अखेरीस कनान यांनी स्वतः बाहेर पडून पीएम प्रेस ही वेगळी संस्था काढली. मराठी प्रकाशनव्यवसायात संस्थापकानंतर मुलगा किंवा सून गादीवर बसते. इथे गादीच नव्हती, त्यामुळे ती रिकामीही झाली नाही.

खरा घाला २१ मार्च २०१५ रोजी पडला. ओकलंडच्या गोदामालगतच्या इमारतीला आग लागून तिथे राहणाऱ्या दोघांचा जीव गेला आणि धूर व पाणी पुस्तकांपर्यंत पोहोचले. भिजलेला कागद फुगतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावरही पुस्तक पूर्ववत मिटत नाही. असा माल कोणत्याही दुकानात विकला जात नाही. वाचकांनी पैसे पाठवले, संस्था तगली, आणि पुढे तिने उत्तर कॅलिफोर्नियातील चिको या लहान शहरात बिऱ्हाड हलवले.

आता समोर एके प्रेसच्या पुस्तकांच्या दोन प्रती आहेत, एक जुनी आणि एक नवी. दोन्हींचे शीर्षकपान उलटले आहे. जुन्या प्रतीवर ओकलंडच्या तेविसाव्या रस्त्याचा पत्ता आहे, नवीवर चिकोच्या रायन अ‍ॅव्हेन्यूचा. आणि दोन्हींवर त्याच्याच शेजारी स्कॉटलंडमधील एडिनबराचा पत्ता छापलेला आहे.