जुन्या वाड्याच्या विटेत सिमेंट भरताय? थांबा!

राम राम मंडळी. ही भिंत बघा, कॅमेरा जरा जवळ आण रे. दर्जात, म्हणजे विटांमधल्या सांध्यात, भरलेलं सिमेंट करकरीत शाबूत आहे आणि वीट मात्र बोटभर मागं गेलीय. नुसतं बोट फिरवलं तर हा असा लाल भुगा पडतो. मिस्तरी म्हणतो, "वीटच कच्ची." अहो, आजोबांच्या काळापासून उभी होती ती!

जुनी वीट चुन्यात बांधलेली. पायातून चढणारी ओल चुन्याच्या दर्जातून बाहेर पडून वाळायची. तिथं सिमेंट कोंबलं की ओल विटेतून निघते. पाण्यातले क्षार विटेच्या तोंडाशी साठतात, लोणा फुटतो, पापुद्रे सुटतात. म्हणून दर्जा विटेपेक्षा मऊच पाहिजे. झिजायचं तर दर्जा झिजू दे, ती परत भरता येते.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. माळवदाची पन्हळ फुटलीय का, न्हाणीचं पाणी पायात मुरतंय का? ते थांबल्याशिवाय थापीला हात लावू नका.

मग छन्नीनं, हलक्या हातानं सांधा कोरा. ग्राइंडर नकोच, विटेच्या कडा उडतात. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, साधारण 20 ते 25 मिलिमीटर. धूळ झाडा, भिंत चांगली भिजवा. माल म्हणजे एक भाग मुरलेला चुना, तीन भाग चाळलेली, माती नसलेली वाळू. जिथं ओल हटतच नाही तिथं थोडी सुर्खी, म्हणजे भाजक्या विटेची पूड घाला. कळीचा चुना घरी विरवणार असाल तर डोळ्याला चष्मा लावा आणि लेकरं लांब ठेवा. पाणी पडलं की तो खदखदा उकळतो. पानाच्या डबीतलाच चुना आहे म्हणून गाफील राहू नका.

माल दाबून भरा, वरून चोपडू नका. नंतर काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, उन्हानं एकदम वाळला तर भुसभुशीत राहतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढूच नका. दिवाळीनंतर काढा.

आणि भिंतीला पोट आलं असेल, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी माणसं गाडली. आतला थर आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगडच नव्हते, थर सुटले आणि भिंती कोसळल्या. अशा भिंतीला दर्जा भरून काही होत नाही. तिथली माणसं हलवा, टेकू लावून घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.