पाद्रीबुवांचा छापखाना

मंडळी, तुमच्यातल्या काहींची मुलं-सुना मेलबर्नला असतील. नातवंडं सांभाळायला जाल तेव्हा व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा एक उंच खांब बघून या. वर पृथ्वीचा गोल आणि तीन आकडे, ८८८. आठ तास काम, आठ तास मोकळीक, आठ तास झोप. २१ एप्रिल १८५६ ला तिथल्या पाथरवटांनी विद्यापीठाच्या बांधकामावर हत्यारं खाली ठेवली आणि संसदेच्या इमारतीपर्यंत मोर्चा नेला, त्याची ती खूण. त्याच वर्षी, त्याच गावात, एका माजी पाद्र्यानं एक बुडतं वर्तमानपत्र दोन हजार पौंडांना विकत घेतलं. त्याचं नाव एबनेझर साइम.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं नॉर्थ बेरविक हे त्याचं गाव. बाप गावच्या शाळेचा पंतोजी, कडक आणि अबोल. पोरानं सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकून चर्चमध्ये जायचं, अशी ती रीतसर वाट. पण तिथल्या कर्मठ चर्चची शिकवण अशी की कोण तरणार आणि कोण बुडणार, हे देवानं आधीच ठरवून टाकलंय. म्हणजे यादी लागलेली आहे, तुम्ही फक्त नाव शोधायचं! जेम्स मॉरिसन नावाचे एक उपदेशक तेव्हा याच्या नेमकं उलट सांगत होते: ख्रिस्त मेला तो सगळ्यांसाठी. एबनेझरवर त्यांची छाप पडली. मोठ्या चर्चची नोकरी त्यानं धरलीच नाही. गावोगाव हिंडून उपदेश करत राहिला आणि पुढे इंग्लंडमध्ये युनिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक झाला.

युनिटेरियन हा शब्द आपल्याला परका नाही. राममोहन रॉय यांचा या मंडळींशी घरोबा होता. आणि आपले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते याच पंथाचं कॉलेज. देव एक, बुद्धीला कुलूप नको आणि शेजारच्या गरिबाकडे बघा, असा थोडक्यात त्यांचा धर्म. आता गंमत अशी की एवढ्या मोकळ्या चर्चमध्येही एबनेझर टिकला नाही. काही वर्षांतच त्यानं उपदेशकाचं काम सोडलं, लंडन गाठलं आणि 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याचा मालक जॉन चॅपमन याचा मदतनीस झाला. पुढे जॉर्ज एलियट या नावानं गाजलेल्या कादंबरीकार मेरियन इव्हान्स त्याच सुमारास त्या त्रैमासिकाचं संपादन सांभाळत होत्या. नास्तिक, लोकशाहीवादी, परागंदा क्रांतिकारक असे सगळे त्या वर्तुळात ऊठबस करत. कीर्ती भरपूर, पैसा बेताचा. १८५३ साली तो बायकापोरांसह ऑस्ट्रेलियाला निघाला.

मेलबर्नची व्हिक्टोरिया वसाहत तेव्हा सोन्यानं पेटलेली होती. १८५१ ला लोकसंख्या सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास, दहा वर्षांत ती पाच लाखांवर गेली. खणणाऱ्याला महिन्याला तीस शिलिंगांचा परवाना काढावा लागे, मग सोनं सापडो न सापडो. पोलीस धाड घालून 'परवाना दाखव' म्हणत, आणि चिखलातून वर आलेल्या माणसाच्या खिशात तो नसला की धरून नेत. मतदानाचा हक्क मात्र यातल्या बहुतेकांना नव्हता. कर द्या, पण तोंड उघडू नका. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

एबनेझरनं आधी 'डिगर्स ॲडव्होकेट'मध्ये लेखणी चालवली, ते खाणवाल्यांचंच पत्र. मग 'आर्गस'. १७ ऑक्टोबर १८५४ ला कुक बंधूंनी 'द एज' काढलं, आणि दीड महिन्यात बॅलरट या खाणगावी, परवान्याविरुद्ध उठलेल्या खाणवाल्यांनी उभारलेल्या युरेका कोटावर सरकारी फौजेचा गोळीबार झाला. ३ डिसेंबर, रविवारची पहाट. किमान बावीस खाणवाले मेले. 'एज' उघडपणे त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. राजद्रोहाचे तेरा आरोपी पुढे ज्यूरीनं एकेक करून सोडून दिले आणि परवानाही रद्द झाला, वर्षाला एक पौंड आणि मतदानाचा हक्क अशी नवी व्यवस्था आली. पण वर्तमानपत्राचं पोट तत्त्वांवर भरत नाही. कुक बंधूंनी ते विकलं, छपाईचे खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी सहकारानं चालवायला घेतलं. एबनेझर संपादनात होता. दीडेक वर्षात कामगारांचाही दम संपला, तेव्हा त्यानं स्वतःच ते घेतलं. रस्त्यांची कंत्राटं घेणारा धाकटा भाऊ डेव्हिड भागीदार झाला.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे. १८५६ ला तो पहिल्या विधानसभेवर निवडून आला, पण त्याचं खरं व्यासपीठ रोज सकाळी छापून निघत होतं. हजारेक मेंढपाळ-जमीनदारांनी, तिथे त्यांना स्क्वॉटर म्हणत, अडवलेली जमीन मोकळी करा, हा त्याचा धोशा. 'यादी आधीच ठरलेली आहे' ही गोष्ट त्यानं धर्मात मानली नव्हती, जमिनीच्या बाबतीत तो कशी मानेल?

तरी एक बोच राहते. ही जमीन स्क्वॉटरांच्या आधी कुलिन नावाच्या आणि त्यांच्यासारख्या इतर मूळनिवासी लोकांची होती. मोकळी करून ती त्यांना परत द्यावी, असं त्या चळवळीच्या मनातही आलं नाही. आणि युरेकानंतर जेमतेम सहा महिन्यांनी त्याच वसाहतीनं उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवण्यासाठी चिनी खाणवाले शेजारच्या वसाहतीतल्या रोब बंदरात उतरून शेकडो किलोमीटर पायी चालत आले. सगळ्यांसाठी म्हणताना सगळे म्हणजे कोण, हे मॉरिसनच्या शिष्यानंही पुरतं उलगडून पाहिलं नाही. त्या काळाचा दोष म्हणून मी हे सोडून देणार नाही, कारण काळाशी भांडणं हाच तर त्याचा धंदा होता.

पत्र दोन भावांचं पोट भरेना, म्हणून डेव्हिड पुन्हा कंत्राटांकडे वळला. एबनेझर एकटा ओढत राहिला. क्षयानं पोखरलेला. १३ मार्च १८६० ला गेला, वय अवघं चौतीस. पदरात बायको आणि लहान मुलं.

डेव्हिडला संपादकाच्या खुर्चीची अजिबात हौस नव्हती. पण नफ्यात वहिनीचा आणि पुतण्यांचा वाटा होता, पत्र बंद पडलं तर त्यांनी खायचं काय? तो नाइलाजानं बसला. पुढे तिसरा भाऊ जॉर्जही याच छापखान्यात आला, आणि तोसुद्धा मुळात धर्मोपदेशकच! नाइलाजानं घेतलेल्या त्या खुर्चीवरून डेव्हिड उठला तो १९०८ साली, मरण आलं तेव्हा.