संवाद दुसऱ्यांचे, पटकथा तेंडुलकरांची

(धुळ्यातील व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, मघाशी चहाच्या वेळी एका विद्यार्थ्यानं मला गाठलं. म्हणाला, "सर, 'मंथन' चित्रपटाचे संवाद कैफी आझमींचे, 'निशांत' आणि 'आक्रोश'चे सत्यदेव दुबेंचे, 'अर्धसत्य'चे वसंत देवांचे. मग तेंडुलकरांनी लिहिलं काय?"

प्रश्न रास्त आहे. पटकथा म्हणजे टाळ्या घेणारी वाक्यं, असाच आपल्याकडे समज. त्यात विजय तेंडुलकर पडले नाटककार, म्हणजे बोलण्यावर हुकमत असलेला माणूस. तरी 'मंथन'साठी पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांनाच मिळाला.

'आक्रोश' घ्या. १९८० साल, गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी परोपरीनं विचारतो, पण लहान्या तोंड उघडत नाही. लहान्या झालेले ओम पुरी नुसते बघत राहतात. ज्याच्याभोवती सगळी गोष्ट फिरते त्यालाच मुका ठेवायचं आणि तरी प्रेक्षकाला खुर्चीत खिळवायचं, ही करामत पटकथेची. शेवटी बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो आणि सख्ख्या बहिणीला मारतो. गावातल्या बड्या लोकांनी बायकोवर बलात्कार करून तिला मारलं, ते बहिणीच्या वाट्याला येऊ नये म्हणून. मग आभाळाकडे बघून ओरडतो. आधीचा तो सगळा अबोला साठून त्या ओरडण्यात आलेला असतो.

मी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत नऊ वर्षं शिकवलं. पहिल्याच वर्षी वर्गात पावरा या आदिवासी जमातीतला एक मुलगा होता. हजेरीला नाव पुकारलं की उभा राहायचा, दोन्ही हातांनी चड्डीचा काठ घट्ट धरायचा, पण 'हजर' काही म्हणायचा नाही. मी त्याला मठ्ठ समजलो. दिवाळीत त्याच्या पाड्यावर गेलो, तर हा पठ्ठ्या आजीशी पावरीत कडाकडा भांडत होता! मला त्यातलं अक्षर कळेना. त्यानंतर 'आक्रोश' पुन्हा पाहिला, तेव्हा लहान्यापेक्षा कुलकर्णी वकिलाकडेच माझं लक्ष राहिलं. त्याच्या जागी मी होतो.

तेंडुलकरांच्याच 'सामना' चित्रपटात नेमकं उलटं. तिथला दारुडा मास्तर एकच प्रश्न लावून धरतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" वाक्य बाजारात कुणीही बोलेल इतकं साधं. पण ते साखर कारखान्याच्या सर्वेसर्वा हिंदुरावाला विचारलं जातं, पुन्हा पुन्हा. सहकारातलं राजकारण आपल्याला काही नवं नाही. आजही एखादं प्रकरण दडपलं गेलं की लोक हेच वाक्य उच्चारतात.

आणि आपल्या शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील! 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश', 'उंबरठा', 'अर्धसत्य' या पाचही चित्रपटांत ती आहे आणि पाचही पटकथांवर तेंडुलकरांचं नाव आहे. तिचे डोळे बोलतात असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या डोळ्यांना बोलायला जागा कुणी ठेवली, तेही बघायला हवं.

तर बाळा, आज घरी गेलास की 'मंथन'चा शेवट आवाज बंद करून बघ. दुधाची सहकारी संस्था उभी करायला आलेला डॉक्टर राव गाव सोडून चाललाय, आणि गावातला भोला जिवाच्या आकांतानं स्टेशनकडे धावतोय. काय काय कळलं, ते उद्या मला सांग.