आघाडीवरचं बेडूक आणि टेम्पोतलं बी

नमस्कार मंडळी. समोर बरेच चेहरे रोज टेकडीवर भेटणारे आहेत, तेव्हा सुरुवात गाजर गवतानेच करते. हे मूळचं मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं. भारतात ते पहिल्यांदा ठळकपणे नजरेत भरलं ते १९५५च्या सुमारास, आपल्याच पुण्यात, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर. परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात. पांढऱ्या टोप्यांसारख्या फुलांमुळे लोक त्याला काँग्रेस गवत म्हणू लागले.

आता माझं जुनं दुखणं सांगते. आमच्या सोसायटीत दर सप्टेंबरला श्रमदान व्हायचं. माणसं सगळी तळमळीची. शेजारचे काका तर सत्तरीतही कंबर कसून उतरायचे. पण उपटायचं कधी? गवत पांढरंशुभ्र फुलल्यावर! मग ते टेम्पोत भरून, वर काहीही न झाकता, शहराबाहेरच्या पडीक जागेवर नेऊन टाकायचं. मी दरवर्षी म्हणायचे, "काका, जूनमध्ये उपटू या." ते म्हणायचे, "अगं, जूनमध्ये दिसतंय कुठे?" एका पावसाळ्यात मी तो टेम्पोचा रस्ता चालत गेले. वळणावळणाला, गतिरोधकापाशी, जिथे जिथे टेम्पोला हिसका बसला असेल तिथे तिथे कोवळी रोपं! काकांना नेऊन दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते, तेही याच गवताने.

याचं बी एकदा तळहातावर घेऊन बघा. काळं, जेमतेम दोन मिलिमीटरचं, आणि दोन्ही बाजूंना वाळक्या फुलांचे दोन पापुद्रे. त्यांच्यामुळे ते पाण्यावर तरंगतं. एका झाडाला अशी हजारोंनी बिया.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगते.

१९३५मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरचे भुंगेरे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या आपल्या हुमणीचेच भाऊबंद, खाऊन संपवावेत म्हणून हवाईहून मोठे विषारी बेडूक आणले. भुंगेरे राहिले, बेडूक पसरले. सुरुवातीला वर्षाला सुमारे १० किलोमीटर, पुढे ५०च्या वर! २००६मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की आघाडीवरच्या बेडकांचे पाय लांब आहेत. कारण सोपं आहे. पहाटे टेकडीच्या माथ्यावर आधी कोण पोचतं? भरभर चालणारे. तसेच पुढे पोचलेले बेडूक सगळे वेगवान, त्यांना जोडीदारही तिथलेच, मग पिल्लं आणखी वेगवान. नुसत्या पसरण्यानेच पसरणारा घडत जातो.

गवताला पाय नाहीत, पण चाकाच्या चिखलाला चिकटून राहतं तेच बी पुढच्या गावात उगवतं. म्हणून माझा आग्रह असा, की दाट रान नंतर, कडेची तुरळक रोपं आधी. फुलण्यापूर्वी आणि मुळासकट.

टेकडीच्या मागच्या उतारावर, पाण्याच्या टाकीपलीकडे, परवा मला सात रोपं दिसली. अजून जमिनीलगत पसरलेली आहेत, कळी नाही. रविवारी सकाळी सहाला या. हातमोजे मात्र आणा.