एका जखमेतून दिसलेले पचन

जून १८२२. अमेरिकेतील ह्यूरन सरोवराच्या मॅकिनॉ बेटावर, कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात चुकून बंदुकीचा बार उडाला आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या डाव्या कुशीत मोठे भगदाड पडले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याचे प्राण वाचवले. परंतु जखम भरताना जठराची कड त्वचेच्या कडेशी जुळून आली आणि आत डोकावता येईल असे छिद्र कायमचे राहिले.

या छिद्रातून बोमाँट यांनी ऑगस्ट १८२५ मध्ये रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, पावाचे व कोबीचे तुकडे जठरात सोडले आणि ठरावीक वेळाने दोरा बाहेर ओढून ते तपासले. हा माणूस गरीब, निरक्षर आणि पुढे त्यांच्याच पदरी चाकरीला राहिलेला होता. त्याची संमती कितपत मोकळी होती, ही शंका या प्रयोगांना कायम चिकटून आहे.

निर्णायक प्रयोग शरीराबाहेर झाला. जठररस कुपीत काढून, शरीराइतका उबदार ठेवून त्यात उकडलेल्या गोमांसाचा तुकडा टाकला, तेव्हा जठरात लागतो त्यापेक्षा बराच अधिक वेळ लागला, पण मांस विरघळले. जठर केवळ अन्न घुसळत नाही, त्याचा रसच अन्नाचे रूप पालटतो, हे त्यातून दिसले.

या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केले होते. मात्र निव्वळ आम्लाने मांस असे पचत नाही. त्यातील दुसरा कर्ता घटक थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये ओळखला आणि त्याला पेप्सिन हे नाव दिले.

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी, लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती गुंडाळलेली. आम्ल हा गुंडा उलगडते, त्यामुळे आतले दुवे उघडे पडतात. जठराच्या अस्तरातील पेशी पेप्सिन थेट स्रवत नाहीत. त्या पेप्सिनोजेन हे त्याचे निष्क्रिय रूप सोडतात, आणि आम्लाशी गाठ पडल्यावरच त्याचे पेप्सिन होते. पेशी स्वतः प्रथिनांच्याच बनलेल्या असल्याने ही सावधगिरी अटळ आहे. शिवाय अस्तरावर श्लेष्माचा दाट थर असतो आणि त्यात मुरलेले बायकार्बोनेट आम्लाला पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच निष्प्रभ करते.

पेप्सिन साखळी ठिकठिकाणी तोडते, पण सुटी अमिनो आम्ले फारशी करत नाही. बहुतेक तुकडे पेप्टाइडांच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांच्या, रूपातच लहान आतड्यात उतरतात. तेथे आम्लता ओसरताच पेप्सिनचे काम थांबते आणि स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन व इतर विकर (पेप्सिनसारखेच पाचक घटक) पुढची तोड करतात. प्रथिनांच्या पचनाचा मोठा वाटा आतड्यातच उरकत असल्याने, शस्त्रक्रियेने संपूर्ण जठर काढून टाकलेली माणसेही प्रथिने पचवू शकतात.